भरलेले थैले, ओला उतार

ताई, आपलं भांडण अर्धंच राहिलं. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत मी ते पुन्हा उकरून काढलं, तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "अजून तेच?" आणि हसलीस. तेवढ्यात नर्स बीपी बघायला आली आणि मी गप्प बसले. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. तू घरी आलीस ती अशी, की बोलायची सोयच उरली नाही.

प्रेम नगरच्या या घरातली माणसांची वर्दळ आता थांबली आहे. सतरंज्या झटकून, घड्या घालून शेजारच्या शुक्लाजींकडे परत पाठवल्या. "मौसी नहीं रहीं" असं फोनवर सगळ्यांना सांगून सांगून मुक्ताचा आवाज बसलाय. माझी मुलगी, पण रडली ती तुझ्या मुलीसारखी. मी अजून नीट रडलेली नाही. मला तुझा राग आलेला आहे, आणि राग असताना मला रडू येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तर भांडण. ते त्या गवताच्या गाडीवरून सुरू झालं.

बबीना रोडवरच्या आपल्या शाळेनं गवत कापायची ती गाडी कुठून तरी जुनी आणली, तेव्हा सगळी शाळा बघायला जमली होती. लहानसा ट्रॅक्टरच तो. वर माणूस बसतो, पोटाखाली पाती फिरतात, आणि मागे लोखंडी चौकटीत दोन थोराड थैले लटकतात. कापलेलं गवत एका जाड पाईपातून उडत जाऊन थैल्यांत पडतं. चालवणारा माणूस चार महिने टिकला आणि बबीनाच्या छावणीत नोकरी धरून निघून गेला. गाडी धूळ खात पडली आणि मैदानावर गवत गुडघ्यापर्यंत आलं. मुली तुझ्यापाशी तक्रार करायला लागल्या, "मैडम, खेलें कहाँ?" तू पी.टी.ची शिक्षिका. सरळ ऑफिसात गेलीस आणि म्हणालीस, गाडी मी चालवते.

शाळेचे मॅनेजर तिवारीजी खुर्चीत मागे रेलले. "मैडम, आप?"

"क्यों? इसमें मूँछ लगती है?"

घरी येऊन हे सांगताना तू इतकी हसलीस की वरणाची फोडणी करपली.

पहिल्या महिन्यातच त्या गाडीनं तुला हिसका दाखवला. फाटकाजवळच्या उंचवट्यावर चढताना थैले भरलेले होते आणि पुढची चाकं जमिनीपासून उचलली गेली. क्षणभरच. तू पुढे वाकलीस, वेग सोडलास, चाकं टेकली. घरी आल्यावर तू मला एवढंच सांगितलंस की आज गाडी जरा उड्या मारत होती. दुसऱ्या दिवशी तू मोडक्या बाकांच्या ढिगाखालून लोखंडाच्या जड पट्ट्या उकरून काढल्यास. त्या थैल्यांबरोबरच आलेल्या होत्या, कुणी लावल्याच नव्हत्या. "मागे ओझं लटकवलं की पुढेही ओझं हवं. एवढी साधी गोष्ट," असं पुटपुटत तू त्या पुढच्या बाजूला बोल्टांनी आवळून बसवल्यास. तेव्हापासून तुझा नियम ठरला. थैले लागले की पट्ट्या लागल्या, थैले निघाले की पट्ट्या निघाल्या.

आणि मग ती दिवाळीनंतरची स्पर्धा.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी पहाटे अवकाळी सर येऊन गेली होती. मैदान वाऱ्यानं वाळलं, पण पलीकडचा उतार ओलाच राहिला. तो उतार आठवतोय मला, कारण तिथेच पालक आणि पाहुणे बसायचे होते. वर कडुलिंबांची रांग, मध्ये दाट गवत, आणि खाली दगडांनी बांधलेला खोल नाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू सकाळपासून मैदान कापत होतीस. तुझ्या मदतीला आलेली मी धावपट्ट्यांच्या रेघा मारायला चुना घेऊन मागे होते. थैले निम्मे भरले की तू थांबायचीस. गाडी बंद, किल्ली काढून खिशात, मग थैले उतरवून रिकामे. तिवारीजी दोनदा येऊन घड्याळ बघून गेले.

मैदान झालं तशी तू थैले काढलेस, पट्ट्याही काढल्यास, आणि म्हणालीस की उतार गाडीनं होणार नाही. ओलं गवत दगडासारखं जड होतं आणि पाईपात चिकटतं. शाळेचा शिपाई रामसेवक भैया आणि दोन माणसं विळ्यानं कापतील.

"मैडम, शाम तक हो पाएगा?" तिवारीजी म्हणाले. "कल छावनी से साहब लोग आ रहे हैं. घास कपड़ों में चिपकेगी तो कमेटी मुझसे पूछेगी, आपसे नहीं."

"जितना होगा, उतना होगा," तू म्हणालीस.

ते वाईट नव्हते, ताई. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. ते धास्तावलेले होते. धास्तावलेला माणूस घाई करतो.

तू वसतिगृहात गेलीस, तिथल्या एका मुलीला ताप होता म्हणून. मी दुसऱ्या टोकाला रेघ सरळ करत वाकले होते. गाडीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं तूच परत आलीस. मान वर केली तर सीटवर तिवारीजी. त्यांच्या टहरौलीकडच्या गावी ट्रॅक्टर होता, पोरवयापासून चालवलेला. त्यांनी रामसेवक भैयाकडून थैले परत चढवून घेतले होते. रामसेवक भैयानं नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, "साहब, मैडम तो आगे लोहा सोई लगाउत हैं." ते म्हणाले, "छोड़ो, दस मिनट का काम है."

पट्ट्या जमिनीवर राहिल्या आणि गाडी उतारावर गेली.

पहिल्या काही फेऱ्या नीट झाल्या. मला वाटलं, ताई उगीच घाबरवत होती. मग मला दिसलं, गाडीच्या मागे गवताचे ओले पुंजके पडत चालले होते. थैले भरले होते, पाईप चोंदला होता, आणि तिवारीजी मागे बघतच नव्हते. नाल्याच्या काठाशी जाऊन त्यांनी गाडी वळवली, तोंड वरच्या बाजूला केलं आणि जोर दिला.

चाकं उचलली गेली, ती या खेपेला खाली आली नाहीत.

गाडीचं नाक आभाळाकडे. मागची चाकं चिखलात, थैल्यांची चौकट जमिनीत रुतलेली, आणि ती चौकट वाकायला लागलेली. तेवढाच काय तो आधार. ती मोडली असती तर गाडी उलटी होऊन त्यांच्यासकट नाल्याच्या दगडांवर गेली असती, आणि पाती अजून फिरत होती. तिवारीजी स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे मागे झुकले होते. रामसेवक भैया ओरडत खालून धावला, थेट गाडीच्या मागे.

"पीछे से हटो!"

तो तुझा आवाज. वसतिगृहाच्या पायऱ्यांवरून तू कशी आलीस ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा तू कडुलिंबांकडून, वरच्या अंगानं उतरत होतीस, अर्धी घसरत. गाडीच्या पुढ्यात आलीस, दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरलास आणि स्वतःला त्याला टांगून घेतलंस. अख्खं अंग. तुझे बूट गवतात फरफटले. नाक थोडंसं खाली आलं, पुन्हा वर गेलं, तुला उचलून घेत.

"तिवारीजी, पीला बटन दबाइए. पहले पीला बटन."

त्यांनी दाबलं. पात्यांचा आवाज उतरायला लागला.

"अब आगे झुकिए. और. मेरी तरफ देखिए."

मग माझ्याकडे न बघता, मराठीत, "छोटी, दगड! चाकांच्या मागे लाव. बाजूनं जा. मागून जाऊ नकोस, बाजूनं!"

मी चुन्याचं घमेलं टाकलं आणि धावले. दगड कुठून उचलले ते आठवत नाही. एका चाकामागे लावला, दुसऱ्या बाजूला जायला वळसा घातला, तर पाय घसरला आणि मी गुडघ्यांवर पडले. तिथून मला खालचा नाला दिसला आणि वर, माझ्या डोक्यावर, तो फुगलेला ओला थैला. त्यातून पाणी ठिबकत होतं. मला मुक्ताचा चेहरा दिसला. खरंच दिसला. यशवंत गेल्यावर तिला घेऊन मी तुझ्या दारात आले, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. मी दगड लावला. रामसेवक भैया तोवर वळसा घालून तुझ्या शेजारी पोचला होता. तुम्ही दोघं मिळून लटकलात आणि गाडीची पुढची चाकं धप्पकन जमिनीवर आली.

तू तिवारीजींना ब्रेकवरचा पाय काढू दिला नाहीस. इंजिन बंद करवलंस, किल्ली काढून मागितलीस. पाती पूर्ण थांबली याची खात्री होईपर्यंत तू कान देऊन उभी राहिलीस. मग त्यांना वरच्या बाजूनं उतरवलंस. ते उतरले, दोन पावलं चालले आणि कडुलिंबाखाली बसले. रामसेवक भैया पाईपातलं गवत ओढायला गेला तर तू त्याचा हात धरलास आणि काडी दिलीस. तुझ्या दोन्ही तळव्यांवरून रक्त ओघळत होतं आणि तू त्याला काडी देत होतीस.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा झाली. उतार अर्धा कापलेला, अर्धा तसाच. छावणीतले साहेब त्यावरच अंथरलेल्या सतरंज्यांवर बसले, मुलींसाठी टाळ्या वाजवल्या, चहा प्यायले, गेले. गवताकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

पण आपलं भांडण त्याच्या आदल्या संध्याकाळचं. तू पट्टी बांधलेल्या हातांनी भात कालवत होतीस. घास उचलता येईना म्हणून मी भरवायला बसले आणि भरवता भरवता फुटले.

"तुला काय गरज होती? तो दांडा सुटला असता तर गाडी तुझ्या अंगावर आली असती."

"दुसरं काय करायचं होतं?"

"लांबून सांगायचं! ओरडून सांगायचं. सगळं सांगता येतं तुला."

"पुढे वजन लागतं, छोटी. ओरडण्याला वजन नसतं."

"आणि आमचं काय? मी या पोरीला घेऊन कुठे गेले असते?"

तू घास गिळलास. पाणी मागितलंस. "मी आहे ना इथे," म्हणालीस. एवढंच. जणू मी विचारलं ते काहीतरी होऊन गेलेलं, संपलेलं होतं.

मला भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं. कारण मला वाटलं, हिला भीतीच वाटत नाही. हिला स्वतःच्या जिवाचं काही नाही, म्हणजे आमचंही काही नाही. सगळं गाव तुझं कौतुक करत होतं, काय हिमतीची बाई म्हणून, आणि मी ते ऐकून तोंड फिरवत होते. निधड्या माणसाच्या आसऱ्याला राहणं किती जिवावरचं असतं हे कौतुक करणाऱ्यांना काय कळणार? तू बाजारात गेलीस तरी मी फाटकाकडे कान लावून बसायची.

मग तू मला गाडी शिकवायला घेतलीस. ते का, हे तू सांगितलं नाहीस. रविवारी शाळा रिकामी असायची. मला सीटवर बसवून तू शेजारून चालायचीस. मी म्हणायचे, मला नको हे, आणि तू म्हणायचीस, "हळू. कान उघडे ठेव. थैला भरत आला की आवाज जाड होतो." मला नाही कळायचा तो जाड आवाज. मग अचानक एक दिवस कळला. पाईपातून सळसळ येत होती ती गुरगुरीसारखी झाली, आणि तू काही बोलायच्या आत मी गाडी थांबवली. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास.

"मागे वळून बघत जा. गवत सांडायला लागलं म्हणजे उशीर झालाय." "ओलं असेल तर सुकू दे, घाई कुणाला आहे?" "पाती उंच धर आणि थोडं थोडं काप, पाईप चोंदत नाही." "उतारावर थैले लावून चढायचं नाही. जायचंच तर थैले काढून, सरळ वर-खाली, आडवं नाही." एकदा मी थैले तसेच भरलेले ठेवून गाडी शेडमध्ये लावली, तर दुसऱ्या दिवशी तू माझा हात धरून थैल्यात घातलास. आत गवत चुलीतल्या राखेसारखं गरम झालं होतं. मी हात झटकन मागे ओढला. "रात्रभर काय शिजत होतं बघ," तू म्हणालीस. मी पुन्हा तसं केलं नाही.

त्या रविवारांत मी किती सुखात होते, ताई, हे मी तुला सांगितलं नाही. मुक्ता कडुलिंबाखाली अभ्यास करायची. आपण दोघी घामेजून, कपड्यांना हिरवा वास घेऊन घरी यायचो, आणि वाटेत बबीना रोडवरच्या टपरीवर भजी खायचो. विधवा झाल्यावर मला वाटलं होतं, आता आयुष्यभर कुणाच्या तरी मागे मागे चालायचं. तू मला सीटवर बसवलंस. हे मी कधीच बोलले नाही, कारण बोलायला गेले की आधी ते भांडणच तोंडात यायचं. दिवाळी जवळ आली की मी म्हणायचे, "तेव्हा तू माझा विचार केला नव्हतास." तू म्हणायचीस, "दुसरं काय करायचं होतं?" वर्षानुवर्षं. नंतर नंतर तर मुक्ता दोन्ही बाजू पाठ म्हणून दाखवायची.

परवा तिवारीजी आले होते.

मला ओळखू आले नाहीत आधी. केस गेलेत, काठी आलीय. त्या दिवसाबद्दल ते शाळेत कधी एक अक्षर बोलले नव्हते. गाडीत बिघाड होता असंच कमेटीला कळलं, आणि तूही ते तसंच राहू दिलंस. त्याच्यावरूनही मी तुझ्याशी भांडले होते. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले, तुझ्या फोटोकडे बघत राहिले. मुक्तानं चहा दिला तो हातात तसाच.

"बहनजी," ते मला म्हणाले, "आप तो नीचे पत्थर लगा रही थीं. आपने सुना नहीं होगा."

"काय?" मी मराठीतच विचारलं. मग म्हटलं, "क्या?"

"मैंने कहा, मैडम, मैं गिर जाऊँगा. मैं रो रहा था, बहनजी. तो वो बोलीं, तिवारीजी, डर मुझे भी लग रहा है. देखिए, हाथ काँप रहे हैं मेरे. आप ब्रेक मत छोड़िए, मैं हाथ नहीं छोड़ूँगी."

ते पुढे म्हणाले, "मैंने देखा. सच में काँप रहे थे."

मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला, तुला हात जोडले आणि काठी टेकत गेले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही उठले नाही.

ताई, तू त्यांना सांगितलंस. ज्या माणसानं तुझं ऐकलं नाही, ज्याच्यामुळे तू तिथे लटकत होतीस, त्याला सांगितलंस. आणि ज्या बहिणीनं त्याच संध्याकाळी तुला घास भरवले, तिला नाही. मी इतकी वर्षं विचारत राहिले, तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकली असतीस. "छोटी, मी घाबरले होते." बस. मला तेवढंच हवं होतं. तुला घाबरायचं काही तरी होतं, म्हणजे गमवायचं काही तरी होतं. आम्ही होतो.

का नाही सांगितलंस, याचा विचार करतेय. कदाचित मीच तेव्हा इतकी घाबरलेली होते की माझ्यासमोर घाबरायला तुला जागाच नव्हती. मी नवरा गमावून आलेली, पोर लहान. घरात कुणाचे तरी हात न थरथरणं गरजेचं होतं. तर तू ते करत राहिलीस, आणि पुढे त्याची सवय झाली असेल. हॉस्पिटलातही तू डॉक्टरांना "ठीक है" म्हणायचीस. तेव्हाही घाबरली होतीस का गं? मी तुझा हात धरून बसले होते. तो थंड होता, मला वाटलं एसीनं.

राग गेला का, विचारशील. नाही गेला. पण त्याची जात बदलली. आधी मी रागावले होते की तू मला सोडून जायला निघाली होतीस. आता रागावलेय की तू एकटीनं घाबरलीस. मला शेजारी घेतलं असतंस तर दोघींनी मिळून घाबरलो असतो. तेवढं वजन मला पेललं असतं.

तिवारीजी गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, आणि तिथे, इतक्या दिवसांनी, मला रडू आलं. मुक्ता मागून आली. तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदीतच, तुला ठाऊक आहे. ती माझ्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली.

मग म्हणाली, "मम्मी, मौसी को सच में डर लगता था?"

"हो," मी म्हटलं. "वाटायची भीती."

"तो फिर?"

"फिर काय. तरी जायची."